आईने वाटलेल्या गोळ्या

माझ्या मेडिकलमध्ये इन्सुलिनच्या फ्रिजवर एक पत्र्याचा डबा असतो. पूर्वी त्यात बिस्किटं होती. आता नेहमीच्या पेशंटांची औषधं असतात. प्रत्येकाची वेगळी जुडी, रबरबँड लावलेली, वर नावाची चिठ्ठी. माल कधी येतो, कधी येत नाही, पण ज्याला रोज गोळी लागते त्याला हे कारण सांगून उपयोग नसतो. म्हणून माल आला की आधी डबा भरायचा, मग फळी. लोणावळ्यात दुकान टाकल्यापासून मी असंच करते. यात कौतुकाचं काही नाही. माझी पुढची कटकट वाचते, एवढंच.

करोना आला त्या वर्षी डब्यात सांधेवाताच्या तीन जुड्या होत्या. एक तुंगार्लीतल्या निवृत्त शिक्षिकेची, एक रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांची आणि एक माझ्या आईची. तिघांनाही एकच गोळी होती. ती मुळात मलेरियावरची, पण बरीच वर्षं माझ्या दुकानातून ती सांध्यांसाठीच जात होती. साधी पांढरी गोळी, कुणाला तिचं नावही धड पाठ नसायचं. तिचं काम सावकाश चालतं. सुरू केली की दोन-तीन महिने फरक कळत नाही आणि बंद केली तरी लगेच काही बिघडत नाही. माणूस फसतो ते त्यामुळेच.

मार्च संपता संपता टीव्हीवर सांगू लागले की ही सांधेवाताची गोळी त्या विषाणूवरही चालत असावी. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी ती आधीपासून घ्यावी, असाही सल्ला आला. ऐकणाऱ्यांनी ‘दवाखान्यात काम करणाऱ्यांनी’ आणि ‘असावी’ हे शब्द गाळून बाकीचं ऐकलं.

मी काउंटरपुढे दोरी बांधली होती. लोक दोरीपलीकडून ओरडायचे.

“ती गोळी आहे का?”

“कोणती?”

“ती हो, टीव्हीवरची.”

“डॉक्टरांची चिठ्ठी?”

“चिठ्ठी कशाला? खायची तर आम्हालाच आहे.”

तुंगार्लीच्या बंगल्यांमध्ये मुंबईची माणसं येऊन राहिली होती. त्यांचे फोन यायचे. एक गृहस्थ म्हणाले, “घरात आम्ही सात जण आहोत. प्रत्येकी दोन स्ट्रिप धरा.”

“सातही जणांचे सांधे दुखतात का?”

“मॅडम, तुम्ही विनोद करताय.”

“नाही, मी दुकान चालवते.”

दोन दिवसांत फळी रिकामी झाली. ज्यांच्याकडे चिठ्ठ्या होत्या त्यांना द्यावीच लागली, आणि चिठ्ठ्या कशा मिळत होत्या ते मला माहीत होतं. घाऊकवाला फोन उचलेना. उचलला की “ताई, वरूनच नाही” म्हणायचा. पण डबा मी कुणालाही उघडून दाखवला नाही. ओळखीचे आले, वजनदार लोकांची माणसं आली, एक शेजारीणही रुसून गेली. मला त्या दिवसांत स्वतःबद्दल बरंच बरं वाटत होतं. तेही लिहून ठेवते.

आईची जुडी मी दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवली. सहा स्ट्रिप, साठ गोळ्या, दोन महिन्यांची सोय. सोमाटणे फाट्यावर भावाने त्या उतरवून घेतल्या.

आई परंदवडीला भावाकडे राहते. वडील देहूरोडच्या डेपोत कामाला होते. ते गेल्यावर तिने काही दुसऱ्याच्या जिवावर बसून खाल्लं नाही. आमची जमीन नावाला, म्हणून ती पाटलांच्या वावरात भातलावणीला, खुरपणीला जायची. चाळीस वर्षं गेली. मग बोटं सुजायला लागली. आधी सकाळची, मग दिवसभर. आम्ही समजत होतो चिखलात काम करून होतं तसं. निदान होईपर्यंत तिला स्वतःची वेणी घालता येईनाशी झाली होती. त्या काळात वहिनी तिला आंघोळ घालायची. आई तेव्हा तोंड भिंतीकडे करून बसायची आणि पूर्ण दिवस कुणाशी बोलायची नाही. दुखण्यापेक्षा तिला ते जास्त लागायचं.

मग रोजची ही पांढरी गोळी आणि आठवड्यातून एकदा घ्यायची एक पिवळी, अशी सुरुवात झाली. वर्षभरात हात सुटले. ब्लाउजची बटणं, वेणी, भाकरी, स्वतःचं लुगडं पिळणं, सगळं परत आलं. भाकरी पूर्वीसारखी गोल होत नव्हती, पण होत होती. त्या साठ गोळ्यांमध्ये आईची आंघोळ होती, असं मी तेव्हा म्हटलं असतं तर माझ्या भावाला हसू आलं असतं.

एप्रिलभर मी फोनवर विचारत राहिले.

“गोळी घेतेस ना?”

“व्हय. घेती की.”

“रोज?”

“अगं व्हय, किती इचारशील? तुज्या गिऱ्हाइकास्नी इचार.”

मे निम्मा झाला असेल. एके दुपारी चारच्या सुमारास फोन केला तर आईचा आवाज लांबून येत होता.

“फोन कोणी धरलाय?”

“मी धरलाय ताई,” वहिनी म्हणाली. “आत्यांचा हात पिठात हाय.”

“दुपारी चार वाजता कसलं पीठ?”

मग वहिनी फोन घेऊन बाहेर गेली असावी, कारण कोंबड्यांचा आवाज यायला लागला. “ताई, आठ दिस झालं, आत्यांना बटन लावता येईना. येनी मीच घालती. कालपासनं चमचाबी धरवंना. तुमाला सांगू नको म्हनल्यात, मी सांगितलं म्हनू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान नवऱ्यावर सोपवलं, मेडिकलचा पास गळ्यात अडकवला आणि स्कूटर काढली. जुना रस्ता मोकळा होता. चिक्कीची दुकानं ओळीने बंद. कार्ला फाट्याला मे महिन्यात करवंदांच्या पाट्या घेऊन बायका बसतात, तिथे एक कुत्रं बसलं होतं. कामशेत, वडगाव, तळेगाव, कुठे थांबायचं कारणच नव्हतं. सोमाटण्याला पोलिसाने पास पाहिला आणि “जा मावशी” म्हणाला. तो माझ्याहून फार लहान नव्हता. पण महिना-दीड महिना माझी नीट झोप झाली नव्हती, ते मास्क असूनही दिसत असणार.

आई ओट्यावर बसली होती. हात पदराखाली.

“हात दाखव.”

“आलीस तशी पानी तरी पी.”

“हात दाखव आई.”

तिने दाखवले. बोटांचे मधले सांधे बोरांएवढे टरारलेले, मनगटं गरम. बोटं अशी अर्धवट मिटलेली की हातात नसलेला पेला धरून बसल्यासारखी. मी सरळ करायला गेले तर तिने ओठ दाबले.

“गोळ्या किती उरल्या?”

“संपल्या.”

“साठ होत्या. आज एकोणपन्नासावा दिवस आहे.”

“तू दुकानात हायेस का घरी?”

“किती दिवस झाले संपून?”

वहिनी दारात उभी होती, तिने बोलायला तोंड उघडलं आणि आईने तिच्याकडे पाहिल्यावर मिटलं. मग आईच म्हणाली, “वाटल्या.”

मला आधी कळलंच नाही. “काय वाटल्या? वाटून लेप लावलास?”

“अगं, दिल्या लोकास्नी. समदी आली. म्हनली, तुझी लेक मेडिकलात हाय, तुज्याकडं असंलच ती टीव्हीवरची गोळी. घरात हाय आन् न्हाई कशी म्हनू?”

“पिवळी? पिवळी वाटलीस का?” ती आठवड्याची गोळी कुणी रोज खाल्ली तर जिवावर बेतू शकतं.

“येडी हायेस का? पिवळी कोन मागतंय? पांढरीच पायजे व्हती समद्यांना.”

मी खाली बसले. मग तिने सगळं नीट सांगितलं, वेळ पडली की ती नीट सांगते. दहा घरांना तीन-तीन. घरात माणसं किती, कुणाला हृदयाचं काही आहे का, कुणी पोटुशी आहे का, काही न विचारता. कात्रीने स्ट्रिप कापून, पाकिटासकट.

“तुज्या दुकानात बगितलंय की, तू कापतीस तशी,” ती म्हणाली. यात तिला थोडा अभिमानही होता.

“दहा घरं म्हणजे तीस. बाकीच्या?”

“वीस मी खाल्ल्या. एक दिसाआड.”

“पन्नास झाल्या. दहा?”

“पाटलीनबाईला दिल्या. आख्खं पाकीट.”

पाटलीणबाई म्हणजे ज्यांच्या वावरात आईने चाळीस वर्षं काम केलं त्या घरच्या. आमची वस्ती गावाच्या कडेला, त्यांचं घर मधोमध. आईच्या हाताने लावलेला भात त्यांच्या घरात शिजत होता, पण त्या घरातलं कुणी आमच्या ओट्यावर बसल्याचं मला आठवत नाही. काही निरोप असला तर रस्त्यावरून हाक यायची.

“ती सोता आली,” आई म्हणाली. “चालत. हितं बसली, तू बसलीस तितं. तिचा पोरगा अँबुलन्सवर हाय ना पिंपरीला. रडत व्हती. म्हनली, माज्या पोरासाठी दे. मी च्या केला. प्याली. आता सांग, न्हाई कशी म्हनू?”

“चहा दे ना. दहा चहा दे. गोळ्या कशाला?”

“तुला न्हाई कळायचं. तू लोनावळ्याला गेलीस.”

“मला हात कळतात. तुझे हात गेलेत ते दिसतंय मला.”

“गेलं तर गेलं. माजंच व्हतं, मी दिलं.”

मी उठून मोरीवर हात धुवायला गेले. आईसमोर काही बोलायला नको म्हणून. वहिनी मागून पाणी घालायला आली आणि हळूच म्हणाली, “ताई, पाटलीनबाई च्या प्याल्या न्हाईत. कप तसाच भरलेला व्हता. मीच वतला मोरीत.”

“आईला माहीत नाही?”

“आत्यांच्या म्होरंच तर वतला.”

मी बराच वेळ हात धूत राहिले. त्या दिवसांत ते कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

मग मी ठरवलं ते साधं होतं. माझ्याकडे दुकानात त्या गोळीचा माल नव्हता. डब्यात दोन जुड्या होत्या, पण त्या दुसऱ्या दोन माणसांच्या, आणि त्यांचेही हात त्यांना हवे होते. घाऊकवाला जूनची तारीख देत होता. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे भागवायचे तर गोळ्या गावातच होत्या. दहा घरांत आणि एका घरात.

आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. “दिलेलं परत मागाया जातीस? लाज हाय का?”

“नाही.”

“वस्तीत जा मग. आपली मानसं हायेत, दोन शिव्या देतील. पर पाटलीनबाईच्या दारात जायचं न्हाई. माजी शप्पथ हाय.”

वस्तीत सगळ्यांनी जमेल तसं सहकार्य केलं. पहिल्या घरात गोळ्या बुद्धमूर्तीपुढे ठेवलेल्या सापडल्या, रोज वंदना करून मग एक घ्यायची ठरलं होतं, पण पहिली कुणी घ्यायची यावर सासू-सुनेचं एकमत झालं नव्हतं. दुसऱ्या घरातल्या आबांनी तिन्ही एकदम खाल्ल्या होत्या. काही झालं का, विचारलं तर म्हणाले, “दोन दिस पोटात कळा. पर करोना न्हाई झाला बग.” एका घरात तांदळाच्या डब्यात होत्या. एका मावशींनी पदराच्या गाठीतून सुटी गोळी काढली, पाकिटाशिवाय, पिवळट पडलेली. सुटी गोळी परत घ्यायची नाही, हा माझा दुकानातला नियम. मी ती कागदात गुंडाळली, फेकून द्यायला, पण घेतली. मावशींना बरं वाटावं म्हणून.

“आन् तुमच्या?” मी शेवटच्या घरात विचारलं.

तिथला माणूस मान खाली घालून म्हणाला, “म्हशीला घातल्या.”

“म्हशीला?”

“तुमच्या आईनंच सांगितलं व्हतं, गुडघ्याचं औशद हाय. म्हशीचा फुडचा पाय धरला व्हता. आमी काय, घरातच बसतो, आमाला काय व्हनार?”

“मग? बरा झाला पाय?”

“न्हाई ओ. तीन गोळ्यांनी म्हशीला काय व्हतंय? लय लागत असतील तिला.”

संपूर्ण गावात गोळी सांध्यांची आहे हे लक्षात ठेवणारा तो एकटा माणूस.

मोजून अकरा चांगल्या गोळ्या परत आल्या. अकरा दिवस. मी स्कूटरजवळ उभी राहिले आणि अकरा, अकरा असं काही वेळ मनात म्हणत राहिले. मग शप्पथ मोडली.

पाटलांच्या अंगणात कडक ऊन होतं. पाटलीणबाई पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. माझ्या आईपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पण त्या दिवशी मोठ्या वाटल्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

“लोनावळ्याहून आलीस? एवढ्या उन्हात? बस की.”

“बसत नाही काकी. काम आहे.” आणि मी सरळ सांगितलं. आईचे हात आखडलेत, गोळ्या संपल्या, बाजारात नाहीत, तुम्हाला दिलेल्या उरल्या असतील तर हव्यात.

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. आत गेल्या आणि इतका वेळ लावला की मला वाटलं आता कुणीतरी दुसरंच बाहेर येणार. पण त्याच आल्या. हातात रुमाल. रुमालात स्ट्रिप, दहाच्या दहा गोळ्या, एकही फोडलेली नाही.

“पोरानं घेतलीच न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हनला, आमाला दवाखान्यातून देत्यात, तू कशाला आनलीस? तवापासनं तशीच हाय. द्यायला यायचं व्हतं मला. पर...”

त्यांनी स्ट्रिप पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरल्या. मग मी ती उचलली. अंतर ठेवायचं म्हणून त्या मागे सरल्या की सवयीने, हे मला ठरवता आलं नाही. त्या वर्षी सगळेच तसं करत होते. मीही दुकानात तसंच करत होते.

खरं तर नियमाने पाहिलं तर गावात ती गोळी घ्यावी असा सल्ला ज्याला लागू होता, तो त्यांचा मुलगाच. रोज पेशंट उचलणारा. आईने वाटलेल्या चाळीसपैकी त्या दहाच काय त्या योग्य जागी गेल्या होत्या, आणि मी नेमक्या त्याच मागून आणल्या. हे मला परत येताना, त्यांच्या घरापासून आमच्या घरापर्यंतच्या त्या दोन-तीनशे पावलांत सुचलं. मी वळले नाही.

“गेलीस?” आईने विचारलं.

“गेले.”

“मागितलीस?”

“मागितली. दिली त्यांनी.”

तिने तोंड भिंतीकडे केलं. मी गोळी फोडून तिच्या ओठांशी धरली, कारण गोळी पाकिटातून दाबून काढायलाही चालती बोटं लागतात. पंचवीस वर्षं गोळ्या विकून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने गोळी घेतली, पाणी घेतलं. मग भिंतीला म्हणाली, “आता ती कशाला येतीय?”

एकवीस गोळ्या. एक पोटात गेली, वीस वहिनीच्या हातात दिल्या आणि रोज स्वतः फोडून द्यायच्या, असं बजावून मी निघाले. जूनमध्ये माल आला. तोवर वहिनी आईला आंघोळ घालत होती. ऑगस्टमध्ये आई पुन्हा स्वतःची स्वतः आंघोळ करायला लागली. वेणी मात्र नाही. उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकडीच राहिली. अशी बोटं औषधाने सरळ होत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं, आणि मला ते आधीच माहीत होतं.

पुढे यथावकाश सगळीकडून सांगण्यात आलं की त्या पांढऱ्या गोळीचा त्या आजारावर काही उपयोग नाही. दोरीपलीकडचे लोक तिचं नाव विसरले. तुंगार्लीच्या त्या गृहस्थांनी फोन करून विचारलं, राहिलेल्या स्ट्रिप परत घ्याल का? म्हणजे कुठून तरी मिळवल्या होत्या. मी घेतल्या नाहीत. म्हटलं, सांधे दुखायची वाट बघा.

दुसऱ्या वर्षी लाट मोठी आली, तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. त्या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर सांधेवाताचीच आणखी एक गोळी दिसू लागली. ही नवी, वेगळी, आणि या वेळी ती टीव्हीवरून नाही तर विचार करून लिहिलेली होती, ऑक्सिजनवर असलेल्यांसाठी, स्टिरॉइडच्या जोडीने. मला समजलं ते असं: आईचं शरीर आईच्याच सांध्यांशी भांडतं. या आजारात काहींचं शरीर स्वतःच्याच फुफ्फुसांशी भांडायला लागायचं. भांडण सोडवणारं औषध दोन्हीकडे कामाला येत होतं. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आधी आलं ते हे की आता पुन्हा सांधेवाताचे पेशंट रांगेत मागे जाणार.

एप्रिलमध्ये पाटलीणबाईंच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, माझी आई तळेगावकडे एका दवाखान्यात आहे, ऑक्सिजन लागलाय, डॉक्टरांनी ही गोळी लिहिली आहे, पिंपरीपर्यंत फिरलो, मिळत नाही.

ती गोळी माझ्याकडे डब्यात होती. तुंगार्लीच्या शिक्षिकेची. काही महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना जुनी बदलून ही नवी दिली होती. चौदा गोळ्या, रबरबँड लावलेल्या, वर त्यांचं नाव.

मी आईला फोन केला. का केला ते माहीत नाही.

“दे,” ती म्हणाली.

“दुसऱ्या बाईंच्या आहेत. तुझ्यासारखं होईल त्यांचं.”

“मग इचार तिला. मी कुटं इचारलं व्हतं कुनाला? तू इचार.”

शिक्षिकेने ऐकून घेतलं. शाळेत उशिरा आलेल्या मुलीचं ऐकावं तसं. मग म्हणाल्या, “घरात माझ्याकडे दहा दिवसांच्या आहेत. द्या. पण दहाव्या दिवशी मला माझ्या गोळ्या हव्यात. अकराव्या नाही.”

पाटलीणबाईंचा मुलगा अँबुलन्स घेऊनच दुकानापुढे आला. मी जुडीवरची चिठ्ठी काढली आणि गोळ्या दिल्या. पुढचे आठ दिवस मी घाऊकवाल्याला सकाळ-संध्याकाळ फोन करत होते. नवव्या दिवशी माल आला. मी तो स्वतः तुंगार्लीला नेऊन दिला. पाटलीणबाई तीन आठवड्यांनी घरी आल्या. गोळीने, स्टिरॉइडने, ऑक्सिजनने की आणखी कशाने, ते मला सांगता येणार नाही. माझ्या ओळखीतले दोघे तीच गोळी घेऊनही गेले.

त्यानंतर भात कापणीला आला होता तेव्हाची गोष्ट. आईची वर्षाची डोळ्यांची तपासणी करून मी तिला परंदवडीला सोडायला गेले होते. ही पांढरी गोळी घेणाऱ्यांनी डोळे तपासत राहावं लागतं. आम्ही ओट्यावर टेकतोय तोच पाटलीणबाई रस्त्याने येताना दिसल्या. काठी टेकत, दर दहा पावलांनी थांबत. मला वाटलं रस्त्यावरून हाक मारतील. त्या आल्या आणि बसल्या.

“लय वाळलात,” आई म्हणाली.

“वाळंन न्हाई तर काय. मरून आले.”

“मेलेलं मानूस एवढं चालत न्हाई.”

दोघी हसल्या. मग पाटलीणबाई गुडघ्यावर हात फिरवत म्हणाल्या, “तवापासनं हे धरल्यात बग. पायरी चढवंना. तुज्या आईची ती गोळी मला चालंल का गं पोरी?”

“नकाच मागू,” आई म्हणाली. “ही बया परत न्यायला येती.”

“आधी डॉक्टरांना दाखवा काकी,” मी म्हटलं.

स्ट्रिपचा विषय एवढाच निघाला. आभार कुणी मानले नाहीत, मीही त्यासाठी बसले नव्हते. मला संध्याकाळी दुकान उघडायचं होतं.

“च्या टाक,” आई मला म्हणाली. वहिनी कामावर गेली होती आणि आईला त्या दोन बोटांमुळे भांडं चिमट्यात धरता येत नाही. मी आत जाऊन चहा केला. तीन कप आणले. आईने तिचा कप दोन्ही तळव्यांत धरला, आता ती तसाच धरते. पाटलीणबाईंचा कप त्यांच्याशेजारी ओट्यावर ठेवला. त्या भाताबद्दल बोलत राहिल्या, कापायला माणसं मिळत नाहीत, मशीन बोलवावं लागेल. आई म्हणाली, मशीनला कोपऱ्यातला भात कापता येत नाही, कोपरा हातानेच कापावा लागतो. पाटलीणबाई म्हणाल्या, तुझ्यासारखा कोपरा कुणाला जमत नाही. आईने आपल्या बोटांकडे पाहिलं.

त्या गेल्यावर मी कप उचलायला वाकले. आईही पाहत होती. कपात अर्धा चहा उरला होता. म्हणजे अर्धा प्यायल्या होत्या.

“साखर लय घातलीस,” आई म्हणाली.